मिठाचा दगड आणि सदतीस शून्ये

मित्रांनो, मी एक जुना दगड आहे असे सांगितले तर तुम्ही हसाल. नवा दगड कुणी पाहिला आहे? पण जुनेपणातही फरक असतो. ज्या घरांविषयी मी सांगणार आहे ती दोनशे वर्षांची होती आणि मी आठ कोटी वर्षांचा आहे. घरे आता नाहीत. मी आहे. यात माझे कर्तृत्व काही नाही.

आधी मी वाळू होतो. एका खोल समुद्राच्या कडेला नद्यांनी आणून टाकलेली वाळू. एकदा भूकंपाने तो उतार हादरला आणि सगळी वाळू पाण्यात कालवली जाऊन खाली धावत सुटली. धावताना तिने तळाचा मऊ चिखल खरवडला. त्या चिखलात जिभांच्या आकाराचे लांबट खळगे पडले. मग वेग ओसरला, वाळू खाली बसली आणि ते खळगे तिने भरून काढले. वरून पुन्हा चिखल आला, पुन्हा वाळू, पुन्हा चिखल. पुढे त्या वाळूचा दगड झाला, आणि माझ्या तळाशी जिभांसारखे उंचवटे कायमचे राहिले. हे उंचवटे ध्यानात ठेवा. ते माझ्या तळाशी होते, वरच्या अंगाला नव्हते.

नंतर दक्षिणेकडून एक खंड येऊन दुसऱ्याला भिडला. त्या रेट्याने आमच्या थरांची अख्खी चादर बुडापासून सुटली आणि आपल्याहून तरुण खडकांच्या पाठीवर चढून उत्तरेकडे सरकत गेली. किती मैल, ते मी मोजले नाही. जाणकार माणसे अशा सरकलेल्या खडकांना पांघरूण म्हणतात. तेव्हा तुला काय वाटले, असे तुम्ही विचाराल. काहीच वाटले नाही. माझ्या वरचे सरकत होते, खालचे सरकत होते, शेजारचेही. सगळेच बरोबर निघाले असले की निघालेले कळत नाही.

पुढे बर्फ आले. हजारो वर्षे ते खोरे कोरत राहिले, आणि ते वितळून गेल्यावर मी एका कड्याच्या तोंडाशी उघडा पडलो. मग एका पावसाळी दिवशी कड्यावरून निसटलो, तीनदा उलटलो आणि खालच्या निळसर चिकणमातीत रुतून बसलो. एक स्प्रूसचे झाड माझ्याखाली चिरडले गेले. मला त्याचे वाईट वाटले असे म्हणणे खोटे होईल. मी पडलो तो पाठीवर पडलो, एवढेच. समुद्रात जो माझा तळ होता तो आता आभाळाकडे तोंड करून होता.

ती चिकणमाती आमच्याच थरांची, कुटलेली आणि भिजलेली. त्या खोऱ्यातले शेतकरी अशा जमिनीला पिढ्यान्‌पिढ्या ‘फ्लिश’ म्हणत आले. पाणी प्यायली की जी लोण्यासारखी होते आणि जागा सोडते ती जमीन. जाणकारांनी तो शब्द त्यांच्याकडूनच उचलला. शेतकऱ्यांना शब्द ठाऊक होता, आणि त्यावर उपायही ठाऊक होता. दर मे महिन्यात बर्फ विरघळले की ब्रुखमाट वाडीच्या सातही घरांतून एकेक माणूस कुदळ घेऊन निघे आणि दोन दिवस उतारावरचे चर साफ करी. गवत, माती, मेलेली मुळे काढून पाण्याला ओढ्याकडे वाट करून देणे, एवढेच ते काम. त्याची कुणी हजेरी घेत नसे. न येणाऱ्याच्या घरी त्या वर्षी कुणी कॉफीला जात नसे, आणि ते पुरे होई.

माझे काम वेगळे होते. मी मिठाचा दगड होतो. वसंतात गुरे गोठ्याबाहेर पडली की वाडीच्या वरच्या कुरणात माझ्यावर मूठभर मीठ आणि थोडा कोंडा पसरला जाई. गायी घंटा वाजवीत येत आणि मला चाटत. माझ्या वरच्या अंगाचे उंचवटे पाहून लोक म्हणत, शंभर पिढ्यांच्या गायींनी चाटून चाटून या जिभा उमटवल्या आहेत. लहान मुलांना तसेच सांगितले जाई आणि ती मुले मोठी होऊन आपल्या मुलांना तसेच सांगत.

एकोणीसशे सत्तावन्न साली फार ओला हिवाळा झाला. दोन घरांची दारे अडकू लागली. लोकांनी खालच्या शहरातून एक मोजणीदार बोलावला. त्याला मोजण्यासाठी एक न हलणारी जागा हवी होती.

“डोंगराचं हाड कुठं वर आलंय का इथं?” त्याने विचारले.

वाडीतला सर्वांत म्हातारा शेतकरी हसला. “साहेब, हाड कसलं, दातच आहे. तो मिठाचा दगड बघा. माझ्या पणजोबाच्या पणजोबानं त्यावर मीठ टाकलंय. तो हलला तर मग आम्ही चीज करणं सोडून देऊ.”

मोजणीदाराने माझ्यावर हातोडीने दोन ठोके दिले. मी खणखणीत वाजलो. मोठा दगड चिखलात बसलेला असला तरी खणखणीतच वाजतो. त्याने भोक पाडून माझ्यात पितळेचा एक खिळा बसवला. सातही घरांच्या पायात एकेक लोखंडी खुंटी ठोकली. माझ्या खिळ्यापासून प्रत्येक खुंटीपर्यंतचे अंतर पोलादी पट्टीने मोजून एका वहीत लिहिले. शिवाय एक सोपी खूण करून दिली. माझ्याजवळ उभे राहून मधल्या घराच्या कोपऱ्यावरून पाहिले, की दरीपलीकडच्या चर्चचा मनोरा बरोबर रेघेत दिसे. मनोरा रेघेत आणि अंतरे तीच, म्हणजे जमीन जागेवर. वही त्याने चोवीस वर्षांच्या गॉटफ्रीड गोबेलीच्या हाती दिली, कारण त्याचे अक्षर चांगले होते.

मित्रांनो, गॉटफ्रीडसारखा नेकीचा माणूस मी पाहिला नाही. शरदात उंच कुरणांवरून गुरे खाली उतरली, की पुढच्या सोमवारी तो पट्टी घेऊन येई. आधी माझ्यावरचे शेवाळ ब्रशने घासून काढी, खिळा कापडाने पुसून चकचकीत करी आणि मग मोजू लागे. दोन-चार मिलिमीटरांचा फरक आला तर तो थंडीने आखडलेल्या पट्टीचा, हे त्याला माहीत होते. शेवटी तो वहीत लिही: शून्य. तो घरी जाण्याआधीच उतारावरून कुणीतरी हाक मारी.

“काय रे गॉटफ्रीड, काय म्हणतोय आपला म्हातारा दगड?”

“शून्य!”

“मग ठीक. ये, घोटभर घे.”

मला पाहायला पाहुणे आणले जात. नवी सून आली की तिला माझ्यावर उभे करून फोटो काढीत. एल्सबेट, गॉटफ्रीडच्या मुलाची बायको, तिचाही असा फोटो आहे. “हिला डोंगरावर उभी केलीय,” गॉटफ्रीड अभिमानाने म्हणाला होता. इतके कौतुक कोणत्याही दगडाचे झाले नसेल. मी ते ऐकत होतो आणि मला काही वाटत नव्हते.

कौतुकाच्या मागोमाग जे झाले ते सांगायला हवे. पंधरा-सोळा शून्ये झाल्यावर एका मे महिन्यात नोल्डी कुदळ न घेता आला. नोल्डी हा शेजारच्या घरचा, गॉटफ्रीडचा शाळासोबती, वाडीतला सर्वांत बोलका माणूस.

“दगड दर वर्षी शून्य म्हणतो,” तो म्हणाला, “आणि आपण दर वर्षी चिखलात डुकरासारखे लोळतो. कुणावर विश्वास नाही आपला, दगडावर की गॉटफ्रीडवर?”

लोक हसले. त्या वर्षी चर एकच दिवस साफ झाले. पुढे अर्धा दिवस. पुढे तरुण माणसे लाकडाच्या गिरणीत आणि रेल्वेत कामाला जाऊ लागली, आणि कुदळी गोठ्याच्या भिंतीला टांगलेल्या राहिल्या. चरांत गवत दाटले, वर कापसासारखी पांढरी फुले डोलू लागली. दिसायला ते सुंदर होते. खाली पाणी थांबले होते.

एकट्या एल्सबेटला काहीतरी खटकत होते. अंगणातल्या लाकडी हौदातले झऱ्याचे पाणी नेहमी दरीकडच्या काठावरून सांडे. ते हळूहळू डोंगराकडच्या काठावरून सांडू लागले. तिने त्या काठाखाली लाकडाची पाचर मारली. पुढच्या वर्षी आणखी एक. “हौद जुना झालाय,” गॉटफ्रीड म्हणे. “हौद सपाट फळीवर आहे, बाबा,” ती म्हणे. पण वहीत शून्य होते, आणि पाचरींची वही कुणी ठेवत नाही.

एकोणीसशे चौऱ्याण्णवच्या ऑक्टोबरात उर्सिना काडुफ आली. पाठीवर पिशवी, कमरेला हातोडी. ती दूरच्या पूर्वेकडच्या डोंगराळ मुलखातली, विद्यापीठासाठी या खडकांचा नकाशा काढीत होती. माझ्यावर बसून तिने पाव आणि चीज खाल्ले. मग तिचा हात माझ्या उंचवट्यांवरून फिरला, थांबला आणि पुन्हा फिरला. ती उठून गुडघ्यांवर बसली.

तेवढ्यात गॉटफ्रीड पट्टी घेऊन आला. तो सोमवार होता.

“काय शोधतेस, पोरी? गायींच्या जिभा आहेत त्या. मीठ चाटून चाटून झाल्यात.”

“काका, जिभेनं चाटलं तर दगड झिजतो की फुगतो?”

गॉटफ्रीड वाकून उंचवटे पाहू लागला.

“खळगे पडायला हवे होते,” ती म्हणाली. “हे तर वर आलेत. हे समुद्राच्या तळाचे साचे आहेत. आणि ते थराच्या खालच्या अंगाला असतात. कायम खालच्याच.”

“मग?”

“मग हा दगड उलटा आहे.”

“असेल. डोंगरच उलटा असेल. तुम्ही शिकलेले लोक म्हणताच ना, इथं सगळं घडीवर घडी पडलंय म्हणून.”

“म्हणतो. म्हणून तर काल ओढ्यात उतरून बघितलं. तिथं डोंगराचा खरा खडक उघडा पडलाय. त्याचे सगळे थर सुलटे आहेत, अगदी एकजात. हा एकटाच पाठीवर पडलाय.” ती उठून उभी राहिली. “काका, रागावू नका. हा दगड डोंगराचा नाही. वरून पडलेला आहे. मातीत बसलाय.”

“तो माझ्या बापाच्या बापाच्या आधीपासून इथं आहे.”

“असेलच. पडून पाच हजार वर्षं झाली असतील. तरी पडलेलाच.”

गॉटफ्रीडने पट्टी उलगडली आणि नेहमीप्रमाणे सातही अंतरे मोजली. वहीत त्याने सदतिसावे शून्य लिहिले आणि ते तिला दाखवले. तिने आकडे पाहिले, मग मनोरा, मग घरे. तिचा चेहरा उतरला.

“घरं कशावर आहेत?” तिने विचारले.

“याच उतारावर. आणखी कशावर असणार?”

“आणि मनोरा कुठं आहे? बरोबर उताराच्या दिशेनं, खाली. सरळ त्याच्याकडंच सरकत गेलं तर तो रेघेतच दिसत राहणार, काका. आणि घरं आणि दगड एकत्रच चालले असतील तर पट्टीत फरक पडणार नाही.”

गॉटफ्रीड वळून गोठ्याकडे गेला. मला वाटले तो परत येणार नाही. तो कुदळ घेऊन आला. भिंतीला टांगलेली, गंजलेली. उर्सिनाला हात लावू न देता त्याने स्वतः माझ्या खालच्या अंगाला खणायला सुरुवात केली. आधी काळी माती निघाली, मग निळी चिकण. अर्धा तास फक्त कुदळीचा आवाज होता. मग कुदळ कुठल्यातरी मऊ वस्तूत अडकली. त्याने हात घालून ते ओढले. चिकणमातीत जपून राहिलेले स्प्रूसचे लाकूड होते ते, सालीसकट.

डोंगराच्या हाडाखाली झाड नसते. हे सांगायला विद्यापीठ लागत नाही.

तो लाकूड हातात धरून खाली बसला. त्याचा चेहरा माझ्यासारखा झाला होता. मग तो म्हणाला, “सदतीस वर्षं मी लोकांना ‘झोपा’ म्हणून सांगितलं.”

उर्सिनाने उताराच्या एका बाजूला, चुनखडीच्या पक्क्या कड्यावर आपले उपकरण लावले. तिथून उतार आडवा दिसत होता. तीन आठवड्यांत मी अकरा सेंटिमीटर सरकलो होतो, आणि सातही घरे तेवढीच. तिने मला विचारले असते तर मी काय सांगितले असते? मला कळलेच नव्हते. माझ्यासारखा दगड दुसऱ्यांदा फसला, आणि त्याच कारणाने.

नोव्हेंबरातल्या एका रविवारी, चर्चहून परतल्यावर, सगळे एल्सबेटच्या हौदापाशी जमले. उर्सिनाने आपले आकडे सांगितले, आणि निसटणारी जमीन मागे डोंगराकडे कलते, हेही सांगितले. लोकांनी ते ऐकून घेतले आणि मग ते सगळे गॉटफ्रीडकडे पाहू लागले. ती परक्या मुलखातली होती. वही याच्याकडे होती. तो ‘शून्य’ म्हणाला असता तर सातही घरांत त्या हिवाळ्यात चूल पेटली असती.

“काय गॉटफ्रीड,” नोल्डी म्हणाला, “तुझ्या म्हाताऱ्याला पाय फुटले म्हणे?”

“फुटले.”

“आणि आम्ही काय करायचं? त्याच्याबरोबर फिरायला जायचं?”

कुणी हसले नाही.

“माझी वही खोटी नाही,” गॉटफ्रीड म्हणाला. त्याचा आवाज सपाट होता, जसा तो दर वर्षी आकडा सांगे. “अंतर बरोबर मोजलंय. पण ज्याच्यापासून मोजलं तोच चालत होता. मी त्याचं शेवाळ काढलं, खिळा पुसला. खाली कधी हात घातला नाही. पहिली चूक ती. आणि माझ्या शून्यावर तुम्ही कुदळी टांगल्यात, ते मी बघितलं आणि बोललो नाही. दुसरी चूक ती. मी उद्या गुरं खाली नेतोय.”

“तू जा. माझ्या वाडवडिलांनी बांधलेलं घर आहे ते. मी हलणार नाही.”

तेव्हा एल्सबेट हौदाशी वाकली. पाचरीवर पाचर, अशा नऊ पाचरी तिने एकेक करून काढल्या आणि नोल्डीच्या हातात ठेवल्या. हौदाचा डोंगराकडचा काठ खाली बसला आणि पाणी त्याच्या बुटांवरून वाहू लागले.

“हलू नका, नोल्डीकाका,” ती म्हणाली. “घर हलतंयच.”

नोल्डीने बूट झटकले. “कधी निघायचं?” त्याने विचारले, आणि तो पुन्हा कधी विनोद करताना मला दिसला नाही.

डिसेंबरच्या आत वाडी रिकामी झाली. गुरे, चीजच्या कढया, पाळणे, भिंतीवरच्या घंटा, सगळे गेले. नोल्डीने जाताना दाराला कुलूप लावले. किल्ली त्याने खिशात ठेवली.

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात, भर दुपारी, बर्फाचे पाणी आणि चार दिवसांचा पाऊस एकत्र आले आणि उतार निघाला. मोठा आवाज नव्हता. आधी कुंपणाच्या तारा तुटल्या, मग घरे एकमेकांकडे झुकली आणि लाकूड मोडल्याचा आवाज येत राहिला, बराच वेळ. मी तीनशे पावले खाली गेलो आणि वाटेत उलटलो. कुणी माणूस मेला नाही, जनावर मेले नाही. समोरच्या काठावर उभे राहून सातही घरांतली माणसे पाहत होती. कुणी रडताना दिसले नाही. नोल्डीचा हात खिशात होता.

मित्रांनो, आता मी सुलटा आहे. जसा समुद्राने मला ठेवला होता तसा. जिभा खाली, पाठ वर, आणि पितळेचा खिळा चिखलात तोंड खुपसून. इतक्या वर्षांनी सुलटे होऊन बरे वाटले का? नाही. वाईटही वाटले नाही. पण त्या हौदापाशी गॉटफ्रीड जे बोलला ते मला ऐकू आले होते, आणि ते माझ्यात कुठेतरी बसले आहे, वाळूच्या कणाला कण चिकटावा तसे.

म्हणून ही एक विनंती. मला जपा असे मी म्हणत नाही. मला जपणाऱ्याने तर माझ्यावर ब्रश फिरवला होता. ज्याच्यावर भरवसा ठेवून तुम्ही बाकी सगळे मोजता, त्याच्या खाली कधीतरी हात घालून पाहा. आणि आकडा चांगला आला म्हणून कुदळ टांगू नका. चर मोजता येत नाहीत, ते उपसावे लागतात.

वाडीतली माणसे आता राहतात त्या खालच्या गावाने त्या वर्षापासून पुन्हा दोन दिवस ठरवले आहेत. घरटी एक माणूस, मे महिन्यात. गॉटफ्रीड ऐंशीच्या घरात जाईपर्यंत येत होता. शेवटच्या वर्षी काम संपल्यावर तो माझ्यापाशी आला. मला ओळखायला त्याला वेळ लागला, कारण त्याने माझी ही बाजू कधी पाहिली नव्हती. त्याने वाकून माझ्याखाली, चिखलात, कोपरापर्यंत हात घातला आणि जिभा चाचपल्या. मग खिशातून चिमूटभर मीठ काढून माझ्यावर टाकले. इथे आता गायी येत नाहीत, हे त्याला ठाऊक होते.

संध्याकाळच्या आत पाऊस आला. मीठ विरघळले, माझ्या अंगावरून ओघळले आणि त्याने सकाळी उपसलेल्या चरात गेले. चर मोकळा होता. पाणी थांबले नाही.